ओट्यावरची अक्षरं

"नाव काय आजी?"

"यशोदा गणपत थोरात."

शालनने नाव टाइप केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं एकामागून एक उमटली, काना-मात्रा जागच्या जागी.

"वय?"

"आसंल की पासष्ट. लिव तुला वाटंल ते."

"गाव?"

"हितलंच."

शालनची बोटं पुन्हा चालायला लागली आणि तेवढ्यात फ्लॉपीच्या खाचेजवळचा तांबडा दिवा लागला. आतून करर्र-करर्र आवाज यायला लागला. पडदा होता तिथेच थिजला. शालनचं आपलं टाइप करणं चालूच होतं. शेवटी यंत्रानेच टीं-टीं-टीं करून तिला गप्प केलं. मागची रांग पुढे सरकून खिडकीला चिकटली. आजींनी आत डोकावून पाहिलं.

"काय गं, दळाण टाकलंय का काय आत?"

रांगेतले सगळे हसले. एरवी मीही हसले असते. पण माझ्या एका अंगाला निमकर साहेब उभे होते आणि दुसऱ्या अंगाला आठल्ये सर, आणि दोघांचेही चेहरे हसण्यासारखे नव्हते. निमकर साहेबांनी हातातल्या ब्रीफकेसच्या कड्या खटखट उघडल्या. आत दुसरी फ्लॉपी होती. तोच प्रोग्रॅम, पण इंग्रजीतला. ती घातली की अक्षरांची भानगड नाही, की घरघर नाही.

"साहेब, थोडं थांबू या," मी म्हटलं.

"थांबलोय ना. सकाळपासून थांबलोच आहे."

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. पुण्यात नारायण पेठेत निमकर साहेबांची छोटी कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं. निमकर साहेब गिऱ्हाईक आणायचे, आठल्ये सर प्रोग्रॅम लिहायचे, आणि मी, वैजयंती शेवडे, पदवी घेऊन थेट इथेच आलेली, सर सांगतील ते करायची. मूळचे राजापूरकडचे मोरेश्वर आठल्ये पन्नाशीच्या आसपासचे होते. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, बोलणं मोजकं. त्यांनी कॉम्प्युटरवर मराठी उमटवायचं मनावर घेतलं होतं. तेव्हा हे आजच्यासारखं सोपं नव्हतं. एकेक अक्षर आधी आलेखाच्या कागदावर काढायचं, चौकोन काळे करायचे, मग ते ठिपके यंत्रात भरायचे. जोडाक्षरंसुद्धा सरांनी अखंड काढली होती. अर्धा क आणि त्याला चिकटवलेला य, असला प्रकार त्यांना खपायचा नाही. "अक्षर आहे ते, भिंतीला मारलेलं ठिगळ नाही," म्हणायचे.

अशात कऱ्हाडच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम आलं. त्यांना मुंबईच्या कुणा दात्याने आपला जुना कॉम्प्युटर दिला होता. नुसत्या दोन फ्लॉपीचं यंत्र, आत हार्ड डिस्क नाही, मेमरी जेमतेम. दवाखान्याला त्यावर केसपेपर हवे होते, आणि तेही मराठीत. निमकर साहेब "झालंच म्हणून समजा" असं म्हणून आले. त्यांना हा शब्द फार स्वस्त पडायचा. महाग पडायचा तो आम्हाला.

कारण आमचा प्रोग्रॅम त्या यंत्रात मावेना. अक्षरं भरली की पेशंट शोधायचा भाग बाहेर, तो आत घेतला की छापायचा भाग बाहेर. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा सरांनी मला विचारलं, "तुझ्या आईच्या ओट्यावर काय काय असतं?"

"ओट्यावर? मिसळणाचा डबा, तेलाची बरणी, चहा, साखर."

"आणि पुरणयंत्र?"

"ते माळ्यावर. वर्षातून एकदा-दोनदा लागतं ते."

"मग प्रोग्रॅमचंही तसंच लावायचं. सारखं लागतं ते ओट्यावर, म्हणजे मेमरीत. क्वचित लागतं ते माळ्यावर, म्हणजे फ्लॉपीवर. ओट्याचा एक कोपरा मोकळा ठेवायचा. माळ्यावरचं काही लागलं तर ते त्या कोपऱ्यात आणायचं, आणि दुसरं काही हवं झालं की पहिलं परत वर."

"पण सर, माळ्यावर चढायला वेळ लागतो."

"लागणारच. म्हणून तर काय वर टाकायचं हे विचार करून ठरवायचं. आपल्याला काय आवडतं ते ओट्यावर नाही ठेवायचं. काय लागतं ते ठेवायचं. आणि काय लागतं हे मोजायचं, अंदाज नाही करायचा."

झालं, आमच्या ऑफिसात तेव्हापासून 'ओटा' आणि 'माळा' हेच शब्द रूढ झाले. पहिला बळी गेला तो निमकर साहेबांचा. प्रोग्रॅम सुरू होताना पाकळी-पाकळीने उमलणारं कमळ आणि त्याखाली कंपनीचं नाव, हे त्यांचं लाडकं चित्र होतं. सरांनी ते शांतपणे काढून टाकलं. साहेब तणतणले. सर म्हणाले, "कमळ बघून कुणाचा ताप उतरणार आहे का?"

मग अक्षरांची पाळी आली. सगळी अक्षरं ओट्यावर मावणं शक्य नव्हतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आमच्याकडे जो काही मराठी मजकूर होता त्यातली अक्षरं मोजली: लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, दवाखान्याचा वार्षिक अहवालसुद्धा. आकडे सरांना दिले. कोणती अक्षरं ओट्यावर आणि कोणती माळ्यावर, हे त्यांनी बसून लावलं. ऑफिसात चालवून पाहिलं तर प्रोग्रॅम लोण्यासारखा चालला. आम्ही खूश.

कऱ्हाडला निघालो त्या दिवशी एसटीत निमकर साहेबांनी मनातलं बोलून टाकलं. ते पुढच्या बाकावर होते, मागे वळून म्हणाले, "आठल्ये, स्पष्टच सांगतो. आज बाजारचा दिवस आहे, दवाखान्यात गर्दी असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, गर्दीत चाललं तर घेऊ. चाललं तर तुमची मराठी राहील. नाही चाललं तर मी इंग्रजीची फ्लॉपी घालणार, आणि ते अक्षरांचं प्रकरण आपल्याकडे कायमचं बंद. दोन वर्षं झाली, बाकीची कामं खोळंबलीत."

सरांनी खिडकीतून बाहेर बघत नुसती मान हलवली. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात त्यांच्या सगळ्या फ्लॉप्या. त्यावरचा हात मात्र त्यांनी कऱ्हाड येईपर्यंत काढला नाही.

आणि आता हे असं झालं होतं. गंमत म्हणजे सुरुवात झकास झाली होती. पहिल्या पेशंट बाई उंब्रजच्या, दुसरा एक म्हातारा मसूरचा, मग ओगलेवाडीची एक लेकुरवाळी. शालनने विचारायचं, टाइप करायचं, कळ दाबली की छपाईयंत्रातून केसपेपर बाहेर. ही शालन यादव दवाखान्याची केसपेपरवाली. विशीतली, बडबडी, पण बोटं अशी चालायची की बघत राहावं. "लई ग्वाड चालतंय वो म्याडम," असं ती मला म्हणालीसुद्धा. आणि मग यशोदाबाई थोरात आल्या आणि जातं फिरायला लागलं.

त्यांचा कागद एकदाचा निघाला. पुढचा पेशंट पाटणकडचा. काही नाही, सुरळीत. त्याच्या पुढची एक मुलगी, बरोबर आई. घरघर. एकदा नाव-गाव घालताना, आणि परत एकदा कागद छापताना. म्हणजे माळ्यावर चढणं दोनदा. त्यानंतरच्या दोघांना पुन्हा काही नाही. मग सलग तिघांना घरघर. रांग दारापर्यंत गेली. एकजण ओरडला, "आरं, हातानं लिवा की! आमचं दुकणं मशीनला सांगायचं का डाक्टरला?"

"फ्लॉपी खराब आहे," निमकर साहेब म्हणाले.

"फ्लॉपी खराब असती तर सगळ्यांनाच अडली असती," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. रुमाल काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"मग ह्यांनाच का अडते? ह्या लोकांनी काय घोडं मारलंय?"

मी ते वाक्य ऐकलं आणि थबकले. ह्या लोकांनाच. आम्ही तिघंही इतका वेळ त्या तांबड्या दिव्याकडेच बघत होतो. शालन पडद्यासमोर बसलेली, तो इवलासा पडदा तिच्या आड. मी पुढे झाले आणि छापून झालेल्या कागदांच्या प्रती उचलल्या. अडलेले एका बाजूला केले. नावं वेगळी, वयं वेगळी, कुणी बाई, कुणी बाप्या. गाव मात्र सगळ्यांचं एकच.

कऱ्हाड.

"शालन, तुम्ही 'कऱ्हाड' लिहिता?"

शालनने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी पुण्याहून आले आहे हे तिला पुन्हा एकदा पटलं. "मग काय लिवायचं?"

"कराड. आम्ही सगळीकडे कराड धरलं होतं."

"त्ये रेल्वेवाल्यांचं. आम्ही कऱ्हाडच लिवतो."

आठल्ये सरांनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. आमच्या सगळ्या मजकुरात 'ऱ्ह' म्हणजे औषधालासुद्धा नाही. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा. पुण्यातल्या लग्नपत्रिकांत आणि सोसायटीच्या नोटिशीत ह्यातलं कितीसं येणार? 'ऱ्य' ओट्यावर होता, कारण दुसऱ्या-तिसऱ्या-साऱ्या हे सतत लागतं. 'ऱ्ह' आम्ही माळ्यावर टाकला होता. आणि इथे गावातला प्रत्येक माणूस येऊन आम्हाला माळ्यावर चढवत होता.

निमकर साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "एवढंच ना? मग प्रश्न मिटला! बाई, तुम्ही कराड लिहा. चला, पुढचा पेशंट."

"का म्हणून?"

हा आवाज दारातून आला. डॉ. इनामदार, दवाखान्याच्या प्रमुख. रांग बाहेर आलेली पाहून त्या तरातरा आत आल्या होत्या. ठेंगण्या बांध्याच्या, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि आवाज असा की रांग आपोआप सरळ झाली.

"नाही, म्हणजे मॅडम, एक छोटीशी तांत्रिक बाब," निमकर साहेब गोड झाले. "कराड लिहिलं की यंत्र अडत नाही."

"म्हणजे तुमच्या यंत्राला झेपत नाही म्हणून आम्ही गावाचं नाव बदलायचं? उद्या म्हणाल पेशंटची नावं बदला."

"मॅडम, तुमच्या स्वतःच्या अहवालातसुद्धा कराडच छापलंय," मी म्हणून गेले. म्हणू नये ते नेमकं तोंडातून जातं.

"तो पुण्यात छापला. तेव्हाही मी ओरडलेच होते." त्या सरांकडे वळल्या. "प्रोग्रॅम तुम्ही केलाय ना? नाव काय तुमचं?"

"आठल्ये."

"आठल्ये? म्हणजे तुम्ही कऱ्हाडेच ना?"

"हो," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की ऐकू यायला कान द्यावा लागला.

"कमालच झाली! कऱ्हाडे ब्राह्मणाला कऱ्हाड लिहिता येईना!"

शालन खुदकन हसली. रांगेतले दोघे-चौघे हसले. खरं सांगते, मलाही हसू आवरेना, आणि मग नवल म्हणजे सरही हसले. "जन्मात पहिल्यांदाच आलोय इथे," ते म्हणाले. "नुसतं नाव लावतो झालं."

त्या हसण्याने डॉक्टरीणबाई जरा निवळल्या. "हे बघा, सकाळची ओपीडी आम्ही हाताने उरकतो. दुपारची सुरू होईपर्यंत दुरुस्त करा. कऱ्हाड नीट उमटलं पाहिजे आणि माझी माणसं ताटकळता कामा नयेत. नाही जमलं तर ते इंग्रजीचं काय ते घाला, पण मग मराठीच्या गप्पा मला पुन्हा सांगू नका." आणि आल्या तशा गेल्या.

निमकर साहेब आमच्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत?" आणि जेवायला निघून गेले.

खिडकीची फळी पडली. खोलीत शालन, मी आणि सर. शालनने कोपऱ्यातल्या बाकावर डबा उघडला, भाकरी आणि खरडा, आणि आम्हालाही घ्या म्हणाली. भूक कुणाला होती! सरांनी पत्र्याच्या डब्यातून हवी ती फ्लॉपी काढली आणि मला खुर्चीवर बसवलं.

"'ऱ्ह' ओट्यावर घ्यायचा, एवढंच काम आहे," ते म्हणाले.

"पण ओटा भरलाय सर. एक अक्षरसुद्धा जास्त मावणार नाही."

"ठाऊक आहे. एक आत घ्यायचं तर एक बाहेर काढायचं. सगळ्यांत कमी लागणारं शोध."

मी ओट्यावरची सगळी जोडाक्षरं पडद्यावर मांडली आणि प्रत्येकाखाली मोजणीत आलेला आकडा आणला. हे मांडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. आकडे माझे, पण लावणी सरांची. क्ष, ज्ञ, त्र, श्र, मग ठ्ठ, विठ्ठलामुळे त्याचा आकडा दणदणीत. ष्ण, कृष्णामुळे. म्ह, न्ह, ल्ह. मी एकेक ओळ खाली जात होते. द्भ आला, त्याचा आकडा अगदीच किरकोळ. पकडला, असं मी म्हणणार तेवढ्यात शेवटच्या ओळीत, अगदी कडेला, त्याहून कमी आकड्याचं एक दिसलं. त्याखाली शून्य होतं.

"सर, सापडलं!" मी ओरडलेच. "हे बघा. त्स्न. एकदासुद्धा आलेलं नाही. हे इथे चुकून राहिलंय. ह्याला टाकू माळ्यावर, झालं काम."

मी वळून पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते.

"चुकून नाही राहिलं," ते म्हणाले.

"पण हे येतं तरी कुठे? त्स्न... कुठल्या शब्दात?"

"ज्योत्स्ना."

मी वाट बघितली. पलीकडे शालनचं जेवणही थांबलं होतं.

"माझी बायको," सर म्हणाले.

सरांच्या मिसेस वारल्यात एवढं ऑफिसात ठाऊक होतं. नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि विचारायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

"तिला ॲडमिट केलं ना, त्या हॉस्पिटलात केसपेपर इंग्रजी टाइपरायटरवर करायचे," ते सांगत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "त्यावर नाव आलं, जोसना अठाले. खाटेच्या पायाशी तोच कागद अडकवलेला. मी रोज जाऊन भांडायचो, नाव नीट करा म्हणून. ती म्हणायची, असू द्या हो, औषध माझ्याच पोटात जातंय ना? मग झालं तर. शेवटच्या दाखल्यावरही जोसनाच आलं." ते थांबले. "त्यानंतर ही अक्षरं काढायला घेतली. पहिलं हे काढलं. अ आ इ ई च्याही आधी."

माझा हात कळांवरून आपोआप मागे आला. दोन वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी बसत होते. मला वाटायचं, मराठीचा अभिमान, नाही तर नाद म्हणून हे चाललंय.

"सर, मग हे राहू दे," मी म्हटलं. "द्भ आहे ना. तो टाकते वर. सद्भाव, अद्भुत... इथे कोण येणार आहे अद्भुत नावाचं?"

"द्भ चा आकडा किती?"

"अगदी थोडा आहे सर."

"पण आहे. आणि ह्याचा?"

मी पुन्हा त्या शून्याकडे पाहिलं.

"अगं, मी निमकरांचं कमळ काढलं तेव्हा काय म्हटलं होतं? आपल्याला आवडतं ते ओट्यावर ठेवायचं नाही. लबाडी केली मी. यादी लावताना तुझ्या नजरेआड हे एक घुसवलं. म्हटलं, एका अक्षराने काय होतंय?" ते कसनुसं हसले. "झालं बघ काय ते. एकाच अक्षराची जागा कमी पडतेय."

"पण सर..."

"ही अक्षरं इथे राहिली नाहीत ना वैजयंती, तर निमकर इंग्रजी घालणार. मग ह्या सगळ्या बायांच्या खाटेला जोसनाच लागणार. काढ ते."

मला काढवेना. मी तशीच बसून राहिले. तेव्हा ते माझ्या मागून वाकले आणि त्यांनी स्वतः दोन कळा दाबल्या. शेवटच्या ओळीतलं ते अक्षर गेलं. त्या जागी त्यांनी 'ऱ्ह' आणून बसवला, फ्लॉपी बदलली आणि नवी प्रत करायला लावली. शालनने डबा धुऊन आणला, आणि काही न विचारता आम्हा दोघांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवला.

दुपारी फळी उघडली. पहिल्याच बाई कऱ्हाडच्या सोमवार पेठेतल्या. शालनने नाव घातलं, वय घातलं आणि "गाव?" विचारून माझ्याकडे एक डोळा केला.

"हितलंच की."

क. ऱ्हा. ड. तांबडा दिवा लागला नाही. जातं फिरलं नाही. कागद सरसर बाहेर आला. त्यानंतरची रांग जी सरकायला लागली ती थांबलीच नाही. कऱ्हाडचे आले, वाघेरीचे आले, तांबव्याचे आले. एक विठ्ठल आला, दोन कृष्णाबाई आल्या. डॉ. इनामदार मध्येच येऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या, एक कागद उचलला, चष्मा वर करून वाचला. "आता कसं!" म्हणाल्या. निमकर साहेबांनी ब्रीफकेस बंद केली आणि जणू सगळं आपल्या मनासारखंच ठरलं होतं अशा थाटात मॅडमच्या मागून त्यांच्या खोलीत गेले. जाताना सरांच्या पाठीवर थाप मारली. "मराठी राहिली हं आठल्ये."

"हो," सर म्हणाले.

रांग संपली. शालन छापलेल्या प्रती द्यायला आत गेली. मी फ्लॉप्यांचा डबा आवरायला घेतला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून वळले, तर सर यंत्रासमोर बसले होते. त्यांनी नवीन केसपेपर उघडला होता. नावाच्या जागी त्यांनी एका बोटाने, हळूहळू टाइप करायला सुरुवात केली. 'ज्यो' आला. मग तांबडा दिवा लागला आणि करर्र-करर्र सुरू झालं. पडदा थांबला. सर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांना कसलीही घाई नव्हती.

शालन परत आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. "ह्यो कोण पेशंट? लायनीत तर कुणी न्हाई राहिलं."

"कुणी नाही," सर म्हणाले. "एक अक्षर येतंय का बघतोय."

दिवा विझला. मी जिथे उभी होते तिथूनही ते दिसत होतं.

"आलं का?" शालनने विचारलं.

"आलं," सर म्हणाले. "वेळ लागला, पण नीट आलं."